‘फक्त रस्ताच तर साफ केला’ या प्रतिक्रियेला उत्तर

परमवीर चक्र मिळालेले, लष्कराच्या इंजिनियर दलातले अधिकारी रामा राघोबा राणे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की त्यांनी एकही शत्रू मारला नाही, रणगाड्यांसाठी फक्त रस्ता साफ केला. परमवीर चक्र समोरासमोर लढणाऱ्यालाच मिळायला हवं, आणि आपल्या कारवारकडचा माणूस म्हणून मी त्यांचं जरा जास्तच कौतुक केलं, असंही तुमचं म्हणणं. आपुलकी आहेच, ती मी लपवत नाही. पण ‘फक्त रस्ता’ हे मला अजिबात मान्य नाही.

8 एप्रिल 1948, काश्मीरसाठीचं भारत-पाक युद्ध. जम्मूकडच्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर नादपूरजवळ राणे आणि त्यांची सुरुंग काढणारी तुकडी रणगाड्यांपाशी थांबली होती. सकाळी 11 वाजता उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. तिथून ते मागे फिरले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी उरलेल्यांना सावरलं आणि कामाला लावलं. संध्याकाळी बरवाली टेकडी हाती आल्यावर, आसपास शत्रू अजून आहे हे ठाऊक असूनही, रात्री 10 पर्यंत ते रणगाड्यांसाठी वळणरस्ता करत राहिले.

दुसऱ्या दिवशीचा एकच अडथळा बघा. संध्याकाळचे सव्वासहा, अंधारून आलेलं. रस्त्यावर पाइनची पाच मोठी झाडं आडवी पाडलेली, भोवती सुरुंग आणि सगळ्यावर मशीनगनचा मारा. राणेंनी सुरुंग काढायला सुरुवात केलीच होती, पण कमांडरनी रात्रीपुरता ताफा थांबवला. पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच झाडांपाशी. गोळीबार चालूच होता. साडेसहाला रस्ता मोकळा.

आता सांगा, सुरुंग काढणाऱ्या माणसानं गोळीला उत्तर कसं द्यायचं? त्याचे दोन्ही हात मातीत गुंतलेले, नजरही तिथेच. रागाच्या भरात धावून जायची सोय नाही. आडोशाला पळावं तर पाय कुठे टाकायचा हाच प्रश्न. अशा कामात हात स्थिर ठेवायचा, तोही जखमी अंगानं, एकदा नव्हे तर दिवसामागून दिवस. 10 तारखेला दुपारी 2 वाजता रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र मागच्या रसदीच्या गाड्यांसाठी रात्री 9 पर्यंत अन्न-विश्रांतीशिवाय राबत होते, आणि 11 ला सकाळी 6 वाजता पुन्हा कामावर हजर.

नियमांचंच म्हणाल, तर परमवीर चक्रासाठी ‘शत्रूच्या समोर’ दाखवलेलं असामान्य शौर्य किंवा आत्मबलिदान लागतं. किती मारले हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. 1947-48 च्या युद्धात पाच जणांना हे पदक मिळालं आणि त्यांपैकी ते हयातीत मिळालेले दोघेच: राणे आणि लान्स नायक करम सिंग. करम सिंगांनी काश्मीरमधल्या तिथवालच्या मोर्च्यावर संगिनीनं शत्रू मारले, म्हणजे तुमच्या कसोटीला ते पुरेपूर उतरतात. पदक देणाऱ्यांनी दोघांना एकाच पंक्तीला बसवलं आणि मला ते शंभर टक्के योग्य वाटतं.

एक मुद्दा मात्र तुमचा बिनतोड आहे. बरवाली टेकडी जिंकणाऱ्या डोग्रा पायदळाबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही. तुमच्याकडे त्यांच्याविषयी काही माहिती असेल तर जरूर पाठवा, पुढचा लेख त्यांच्यावरच लिहीन.