महाग साउंड कार्ड, म्हणे जास्त डीकोड!

हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘एफटी८ करायचं तर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचंच साउंड कार्ड घ्या. स्वस्त यूएसबी डोंगलवर कमजोर सिग्नल डीकोड होत नाहीत, वर हम येतो.’ एफटी८ म्हणजे रेडिओ संगणकाला जोडून साउंड कार्डामार्फत छोटे संदेश पाठवायची पद्धत, डोंगल म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं साउंड कार्ड, आणि हम म्हणजे विजेची गुणगुण. हा फॉरवर्ड वाचून नवा परवानाधारक अँटेनाचे पैसे कार्डात घालणार, म्हणून लिहितोय.

आधी ते १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने. एसएसबी रिगच्या (हॅमच्या नेहमीच्या रेडिओ संचाच्या) फिल्टरमधून फार तर ३ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज बाहेर पडतो. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर सेकंदाला ४८ हजार नमुने घेतं आणि डीकोड करण्याआधी ते १२ हजारांवर आणतं. नळ अर्ध्या इंचाचा असेल तर खाली टाकी मोठी ठेवून पाणी वाढतं का? एसडीआरचे (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओचे) आय-क्यू हे कच्चे जोडसिग्नल कार्डात घेत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे पट्टा रुंद दिसायला वेग लागतो. पण फॉरवर्डात एसडीआरचं नावही नाही.

२४ बिटांचंही तेच. १६ बिटांत कागदावर ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. डोंगल त्याहून कमी देतो, कबूल. तरी एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) अँटेनातून येणारा गोंगाट सहसा कार्डाच्या गोंगाटाच्या कितीतरी वर असतो. खात्री करायची तर नुसतं ऐकत असताना अँटेना काढा. सॉफ्टवेअरमधला लेव्हल मीटर दणकन खाली आला, तर अडचण कार्डात नाही.

हमचं खापर तर भलत्याच्याच डोक्यावर फुटलंय. माझ्या वॉटरफॉलवरही (सॉफ्टवेअरमधल्या सिग्नलच्या सरकत्या चित्रावरही) सुरुवातीला उभ्या रेषांचं कुंपण उगवलं होतं. लॅपटॉपचा चार्जर काढला, कुंपण गायब! रिगचा पॉवर सप्लाय आणि लॅपटॉप वेगवेगळ्या वाटांनी अर्थ झाले की ऑडिओ केबलच्या शील्डमधून करंट फिरतो. हा ग्राउंड लूप महागड्या कार्डालाही सोडत नाही. इलाज साधा: येणाऱ्या-जाणाऱ्या ऑडिओत ६०० ओहमचा एकेक १:१ ट्रान्सफॉर्मर, पीटीटीला (ट्रान्समिट सुरू करणाऱ्या तारेला) पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर, म्हणजे सिग्नल प्रकाशातून पलीकडे नेणारा भाग. बिटएक्स या घरी जोडायच्या रेडिओचं किट जोडलेल्याला हे एका संध्याकाळचं काम. ट्रान्समिट करताना यूएसबीच तुटत असेल, तर केबलवर फेराइटचं कडं चढवा.

डोंगल घ्यावा तो वेगळ्याच कारणासाठी. लॅपटॉपचं आतलं कार्ड वापरलं, तर ईमेल आल्याची घंटी एफटी८च्या १४.०७४ मेगाहर्ट्झवर जगाला ऐकू जाते. आयकॉम ७३०० रिग असेल तर तोही घेऊ नका, कार्ड रिगच्या आतच आहे.

आणि घाण सिग्नल? तो बहुतेकदा आपणच व्हॉल्यूम चढवून केलेला असतो. ७०० हर्ट्झचा टोन जास्त रेटला की १४०० आणि २१०० वर त्याची पिल्लं निघतात, तीही फिल्टरच्या आतच. एएलसीची (ट्रान्समिटची पातळी आपोआप आवरणाऱ्या सर्किटची) सुई हलली की मागे या.

स्वस्त डोंगलचा एक दोष मात्र खरा: घड्याळ थोडं चुकतं. एफटी८ला त्याने फरक पडत नाही, पण एसएसटीव्हीचं (रेडिओवरून पाठवलेलं स्थिर) चित्र तिरकं येतं. ते सॉफ्टवेअरमधल्या स्लँट करेक्शनने सरळ होतं.