‘५ वॅटच्या अँपला मोठा स्पीकर ढकलवत नाही’ म्हणे!

गिटारवाल्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) ५ वॅटचा असेल तर स्पीकरही तेवढ्याच वॅटचा आणि ८ इंचीच घ्या. जास्त वॅटचा स्पीकर छोट्या अँपला ‘ढकलवत’ नाही, आवाज मेलेला येतो. कमी वॅटच्या स्पीकरचा आवाज लवकर फाटतो, म्हणून घरी हळू वाजवतानाही गोड डिस्टॉर्शन (तोच फाटका, खरखरीत आवाज) मिळतं. आणि ओहमची (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) काळजी नको, जास्त ओहम कधीही सुरक्षित.

यातल्या पहिल्या तीन मुद्द्यांपायी फार तर पैसे वाया जातील. चौथ्यापायी अँप जाऊ शकतो.

आधी ते ‘ढकलणं’. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे त्याची भूक नव्हे, सोसण्याची मर्यादा आहे. आतली व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) किती ताकदीपर्यंत जळणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. ‘१० माणसे’ अशी पाटी असलेली लिफ्ट एकट्या माणसालाही वर नेतेच. उरलेले नऊ येईपर्यंत खोळंबून राहत नाही.

माझ्या ५ वॅटच्या ट्यूब अँपमध्ये (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) ८ इंची स्पीकर आहे. एकदा अँप बंद करून त्याची वायर काढली आणि सेलेशन कंपनीचा १२ इंची ‘व्हिंटेज ३०’ स्पीकर असलेलं कॅबिनेट (स्पीकरचा वेगळा खोका) जोडलं. ओहम तेवढेच, नॉबला हात लावला नाही. व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा स्पीकर, म्हणजे त्या मजकुराप्रमाणे अँपने हात टेकायला हवे होते. जाड ई तार छेडली आणि आतल्या खोलीतून ‘अरे, हळू!’ अशी हाक आली.

ही जादू नाही. आवाज किती मोठा येणार हे ठरवणारा आकडा वेगळाच आहे: सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात, तो. सेलेशनचेच तीन स्पीकर घ्या. ब्लू १५ वॅटचा, १०० डेसिबल. ग्रीनबॅक २५ वॅटचा, ९८ डेसिबल. व्हिंटेज ३० चे वॅट ६० आणि डेसिबल पुन्हा १००. वॅट चौपट झाले तरी ब्लू आणि व्हिंटेज ३० इथे बरोबरीत, आणि २५ वॅटचा ग्रीनबॅक ६० वॅटवाल्यापेक्षा हळू! दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट धरतात. म्हणजे ९४ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा लावला तर तुमचा ५ वॅटचा अँप २० वॅटच्या अँपसारखा ऐकू येतो. अँप बदलण्याआधी हा हिशोब करावा. मी केला नव्हता. उगाच एक मोठा अँप घेऊन वर्षभर सांभाळला आणि मग विकला.

‘लहान अँपला लहानच स्पीकर’ यामागे फेंडर चॅम्पचा दाखला देतात: सुमारे ५ वॅट, ८ इंची स्पीकर. पण चॅम्प हा शिकाऊ मुलांसाठीचा, स्वस्त आणि हलका अँप होता. छोटा स्पीकर त्या हिशोबात बसत होता. त्याचा डबा-डबा आवाज अनेकांना आवडतो, मलाही आवडतो, पण ती आवड झाली, नियम नव्हे. जाड ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. नेहमीच्या १२ इंची स्पीकरचा रेझोनन्स (ज्याच्या खालचे सूर स्पीकरमधून गळू लागतात ती पातळी) ७५ हर्ट्झच्या आसपास बसतो, ८ इंचीचा बहुधा १०० च्या वर. शिवाय खोका छोटा आणि मागून उघडा असला की खालचे सूर आणखी गळतात. म्हणून १२ इंची स्पीकर छोट्याशा खोक्यात कोंबलात तर माझ्या कॅबिनेटसारखा आवाज येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

फाटण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. काही व्हॉक्स एसी३० अँपमध्ये १५ वॅटचे दोन ब्लू असतात. ३० वॅटचा अँप स्पीकरना जवळजवळ मर्यादेपर्यंत नेतो आणि स्पीकर स्वतःचा रंग मिसळतात. पण ५ वॅटवर तसं घडायला स्पीकरही ५-१० वॅटचाच लागेल, आणि दाबून वाजवलेला अँप लिहिलेल्या वॅटपेक्षा बराच जास्त देतो. तिथे गोड फाटण्यापासून कॉइल जळण्यापर्यंतचं अंतर फार थोडं. मी स्पीकरचे वॅट अँपच्या निदान दुप्पट धरतो. घरी तुम्ही जे डिस्टॉर्शन ऐकता ते जवळपास सगळं अँपचं असतं. लवकर फाटायला हवं असेल तर कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घ्या. अँप तेवढाच फाटेल, बाहेर आवाज थोडा कमी पडेल. थोडाच हं! पूर्ण ताकदीवर १०७ डेसिबलऐवजी १०१ झाले म्हणून घरातलं कुणी आभार मानणार नाही.

चुंबक अल्निको की सिरॅमिक, नवा स्पीकर किती तास वाजवून ‘मुरवायचा’, हे वाद कमी वॅटचा अँप असलेल्याने खुशाल बाजूला ठेवावेत.

आता ओहम. ट्रान्झिस्टरच्या अँपला लिहिलेल्यापेक्षा जास्त ओहमचा स्पीकर चालतो, ताकद कमी मिळते इतकंच. कमी ओहमचा मात्र लावायचा नाही. ट्यूब अँपचं गणित वेगळं. तिथे ओहम फार चढले की आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर जास्त व्होल्टेज चढतं, आणि स्पीकर न जोडता अँप वाजवणं तर सगळ्यात वाईट. म्हणून ८ ओहमच्या जॅकला ८ ओहमचाच स्पीकर. ८-८ चे दोन पॅरलल जोडले की ४ होतात, सिरीजमध्ये १६.

खात्री करायची तर केबल अँपमधून काढून मल्टीमीटरने स्पीकर मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ च्या आसपास दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. तो आकडा बघून ‘स्पीकर खराब आला’ म्हणत परत करायला धावू नका.