काका, इंग्लंडच्या शेतातलं ते सोनं कंपनीने नेलेलं नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये शेतात १३१ सोन्याची नाणी सापडली, तिथे सोन्याच्या खाणी नाहीत म्हणजे हे आपलंच सोनं, ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांनी नेऊन पुरलेलं. तिथे सापडलेल्या एका नाण्यावर अरबी अक्षरं आहेत, म्हणजे मोगलांचा खजिना. आणि तिकडे ज्याला सापडतं तो गुपचूप विकून करोडपती होतो, आपल्याकडे मात्र सरकार सगळं खातं. जागे व्हा, शेअर करा.

हाच मेसेज सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवरही आला होता, तेव्हा सोडून दिलं. पण रात्री गावाहून चुलतभावाचा फोन, दादा, ते जमिनीतलं सोनं शोधायचं मशीन ऑनलाइन कितीला पडतं, आपल्या गढीमागच्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या जागेत, मारून बघू या का. तेव्हा डोकं फिरलं.

आधी तारखा बघा. ही नाणी पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या पश्चिम भागात सापडली, बहुतेक २०१४ ते २०२० या काळात, आणि ब्रिटिश म्युझियमने नोव्हेंबर २०२१ मध्ये ते जाहीर केलं. अँग्लो-सॅक्सन काळातला, म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या इंग्लंडमधला, सोन्याच्या नाण्यांचा एवढा मोठा साठा त्याआधी मिळाला नव्हता. १८२८ मध्ये हॅम्पशायरच्या क्रोंडॉलला १०१ नाणी मिळाली होती, तो जुना विक्रम. आता नॉरफोकचा साठा पुरला कधी, तर म्युझियमच्या म्हणण्याप्रमाणे इ.स. ६०० च्या आसपास. कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० ला. हजार वर्षांचं अंतर! त्या ६०० साली आपल्याकडे बदामीला चालुक्य होते आणि दुसरा पुलकेशी अजून गादीवर यायचा होता.

यावर काकांनी विचारलं, पुरलं कधी हे यांना कळतं कसं. प्रश्न बरोबर आहे. साठ्यातलं सगळ्यात नवं नाणं कुठलं ते बघतात. आजीच्या ट्रंकेत दोन हजारची गुलाबी नोट निघाली तर ते गाठोडं २०१६ च्या आधी बांधलेलं असूच शकत नाही, तसंच. आणि त्यानंतरचं एकही नाणं नसेल तर ते फार नंतर बांधलेलंही नसणार. कंपनीच्या साहेबाने पुरलं असतं तर त्यात होन निघाले असते, मोहरा निघाल्या असत्या. निघालं काय, तर जवळजवळ सगळी फ्रँक लोकांची, म्हणजे आजच्या फ्रान्सकडची, ट्रेमिसिस नावाची बारकी नाणी, एकेक सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि नऊ सॉलिडस, जी त्याच्या तिप्पट वजनाची बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची, नाणी. सगळ्या नाण्यांचं वजन धरलं तर वीसेक तोळे. एवढ्यासाठी कोणता साहेब सात समुद्र ओलांडून नॉरफोकच्या शेतात खड्डा खणेल?

खाणींचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. वेल्समध्ये डोलाउकोथीला रोमन लोकांनी सोनं काढलं होतं, पण या साठ्यातलं सोनं बाहेरूनच आलं. बाहेरून म्हणजे भारतातून, ही उडी कुठून मारली? बायझंटाईन सम्राट मॉरिसने इटलीतल्या लाँबार्डांशी लढण्यासाठी फ्रँकांचा राजा चिल्डेबर्ट याला ५०,००० सॉलिडस दिली होती, असं त्या काळचंच लिखाण सांगतं. असं सोनं फ्रँकांकडे जायचं, तिथे वितळून त्यांची स्वतःची नाणी पडायची आणि व्यापारात, नजराण्यात खाडी ओलांडून इंग्लंडात पोचायची. नंतर तिथल्या लोकांनी स्वतःची नाणी पाडली, क्रोंडॉलच्या साठ्यात लंडनचं नाव असलेली नाणी आहेत. भारताचा संबंध हवाच असेल तर त्या काळच्या दागिन्यांत जडवलेले काही लाल गार्नेट भारत-श्रीलंकेकडून गेले असावेत असं अभ्यासक मानतात. ते व्यापाराने गेले. सोनं तर त्या काळात उलट आपल्याकडे येत होतं. रोमचा लेखक प्लिनी पहिल्या शतकात कुरकुरतो की भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, आणि दक्षिण भारतात रोमन, बायझंटाईन सोन्याची नाणी जमिनीतून निघालीत. आजीची पुतळ्यांची माळ आठवा, ती पुतळी मुळात व्हेनिसचं नाणं.

कंपनीने लुटलं नाही असं मी म्हणत नाहीये. १७९९ ला श्रीरंगपट्टण कसं लुटलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या खऱ्या लुटीला असल्या खोट्या पुराव्याची गरज नाही, उलट उद्या कुणी हेच दाखवून म्हणेल की बघा, यांचं सगळंच असं असतं.

अरबी अक्षरांचं नाणं वेगळंच आहे, या साठ्यात ते नव्हतं. इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा राजा ऑफा याचं नाव त्यावर लॅटिनमध्ये आहे आणि बाकी अब्बासी खलिफाच्या दीनाराची नक्कल, हिजरी १५७ सालची, म्हणजे ७७३-७४. बाबर आला १५२६ ला. संपलं.

आता शेवटचा मुद्दा, ज्याचा मला खरा राग आहे. ‘गुपचूप विकून करोडपती.’ याच नॉरफोकच्या शेतात दोन माणसांना नाणी सापडली. एकाला बहुतेक सगळी, आणि त्याने ती रीतसर कळवली. दुसरा नोकरीत असलेला पोलीस. त्याला दहा मिळाली, जमीनमालकाची परवानगीही होती. तिथल्या १९९६ च्या कायद्याने एकाच ठिकाणची दोन किंवा जास्त जुनी सोन्या-चांदीची नाणी कळवावीच लागतात, चौदा दिवसांत, एकटं नाणं सहसा त्यात येत नाही. म्हणून याने ती वेगवेगळी, सुटी सापडली असं दाखवून विकायला काढली. पकडला गेला, २०१७ मध्ये १६ महिन्यांची शिक्षा झाली आणि नोकरी गेली. जे कळवतात त्यांना म्युझियमने वस्तू घेतल्यावर ठरलेल्या किमतीचं बक्षीस मिळतं, सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटून. आणि पूर्व इंग्लंडमधल्या सटन हू इथल्या अँग्लो-सॅक्सन थडग्यातलं सोनं, पर्समधल्या ३७ नाण्यांसकट, १९३९ मध्ये एडिथ प्रिटी या जमीनमालकीणबाईंचं ठरलं होतं, त्यांनी ते सगळं ब्रिटिश म्युझियमला फुकट देऊन टाकलं. हे मेसेजमध्ये का नाही?

आणि ‘आपल्याकडे सरकार खातं’ म्हणणाऱ्यांनी १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा तरी वाचावा. दहा रुपयांवरचं काहीही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि ते बेवारस ठरलं तर शोधणाऱ्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे, जागामालकाबरोबर वाटणी झाली तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे. सरकारने स्वतःकडे घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो.

भावाला फोनवर हे सगळं सांगितलं. मशीन घेऊ नको, नांगराला काही लागलंच तर हलवू नको, फोटो काढ आणि कलेक्टरला कळव. नॉरफोकची नाणी एकाच साठ्यातली आहेत हे कळलं ते कुठलं नाणं कुठे मिळालं याची नोंद ठेवली म्हणून. पांढरीत एकदा फावडं घातलं की खापरं, मणी, थर सगळं कालवलं जातं आणि आपलं गाव किती जुनं हे सांगणारं तिथे काही उरत नाही. तो हो म्हणाला, पण त्याचे दोन मित्र पैसे गोळा करतायत म्हणे. काका, तुमचा मेसेज त्यांच्याही ग्रुपवर गेलाय, आता हाही तिथे टाका, आजच.