दोनशे रुपयांचा मुद्रांक

आज सकाळी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. रस्त्यात जमीन गेलेला शेतकरी, त्याच्या गळ्यातली जाड साखळी, काळा गॉगल, पांढरी गाडी आणि शेवटी तोच माणूस पुन्हा सायकलवर, अशी त्यात नक्कल केलेली होती. खाली पंधरा-वीस जण हसले होते. एकाने, जो माझ्याच तालुक्यातला आहे आणि ज्याच्या वडिलांनी ऊसतोडीला जाऊन त्याला शिकवले, लिहिले होते, "भिकाऱ्याला पैसा पचत नाही." मी ते वाचत होते, तेवढ्यात मामाचा फोन आला. त्याने आधी पावसाची, मुलांच्या शाळेची, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "कपाशीला युरियाचा दुसरा डोस राहिलाय, बाई. पाच हजार मिळाले तर बघ. वेचणीला देऊन टाकीन."

ज्या माणसाच्या खात्यावर आठ वर्षांपूर्वी एका दिवसात ऐंशी लाखांच्या आसपास रक्कम जमा झाली होती, तोच हा माणूस आहे. म्हणजे तुमच्या व्हिडिओतला विनोद माझा सख्खा मामा आहे. ग्रुपवर मी काही लिहिले नाही, कारण तिथे लिहिले असते तर शिव्याच लिहिल्या असत्या. म्हणून इथे लिहिते आहे.

वैजापूर तालुक्यात आजोबांची पावणेचार एकर जमीन होती. समृद्धी महामार्गाची आखणी झाली तेव्हा त्यातली सव्वादोन एकर रस्त्यात गेली आणि तिच्यासोबत विहीरही गेली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारमूल्याच्या चौपट मोबदला, आणि संमतीने थेट खरेदी दिली तर त्यावर आणखी पंचवीस टक्के, असे ते गणित होते. गावात त्याला नुसते "पाचपट" म्हणत. त्या वर्षी पारावर, पिठाच्या गिरणीवर, दशक्रियेला जमलेल्या माणसांतसुद्धा दुसरा शब्द ऐकू येत नव्हता. परंतु खरेदीखत होण्याआधी सातबारा मोकळा करायचा होता, आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात मामासोबत मावशीचे आणि माझ्या आईचेही नाव लागलेले होते.

२०१७ च्या दिवाळीनंतर आम्ही सगळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. हक्कसोडपत्र दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होते. "कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने" हे शब्द दस्तलेखकाने इतक्या वेगाने वाचले की ते एकच शब्द वाटले. आईचा अंगठा यंत्रावर लगेच उमटला. मावशीचा मात्र उमटेना. ती लहान वयात विधवा झाली, एका कोरडवाहू एकरावर आणि लोकांच्या बांधावर खुरपून तिने मुलगा वाढवला, त्यामुळे तिच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नव्हत्या. संगणकावरचा मुलगा म्हणाला, "मावशी, पुसून ठेवा, दाबून ठेवा." तिने पदराला अंगठा पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. चौथ्या वेळी तो उमटला तेव्हा तिला इतका आनंद झाला की जणू तिने एखादी परीक्षा पास केली होती. बाहेर रसवंतीवर मामाने सगळ्यांना उसाचा रस पाजला. मामीने दोघी नणंदांना साड्या दिल्या आणि मावशीच्या हातात अकरा हजारांचे पाकीट ठेवले. रसाचा पेला हातात धरून मावशी म्हणाली, "एक बोअर झाला असता रे माझ्या रानात." मामा म्हणाला, "घेऊन देतो की, आक्का." मी शपथेवर सांगते, तो मनापासून बोलला होता.

बोअर झाला नाही. गाडी झाली, गावातल्या घरावर स्लॅब पडला, मामेबहिणीचे लग्न लॉनवर झाले आणि बाराशे ताटे उठली. मोठ्या मामेभावाने शहराबाहेर गुंठेवारीतला एक प्लॉट घेतला, जो नंतर आणखी दोघांना विकलेला निघाला. विमा विकणारे आले, दामदुपटीवाले आले, चुलत्यांच्या साडूचे मेहुणे आले. ज्या बँकेत मामा पीककर्जासाठी तीन-तीन तास भिंतीला टेकून उभा राहत असे, तिथे त्याला आत बोलावून चहा दिला जाऊ लागला. दारू त्याने वाढवली, हे खरे आहे, आणि ती त्याला कोणी पाजली नव्हती, हेही मी मान्य करते.

पण "पैसा पचत नाही" म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो कपाशीच्या एकेका वेचणीने आणि कांद्याच्या एकेका ट्रॉलीने येतो, आणि येण्याआधीच त्याची जाण्याची वाट ठरलेली असते: खताचे दुकान, सोसायटी, शाळेची फी, दवाखाना. ज्या पैशाची वाट आधीपासून ठरलेली नाही असा पैसा मामाने जन्मात पाहिला नव्हता. तो उधळ्या नव्हता. पैसे आल्यावर पहिले सहा महिने त्याने दुसरे काहीच केले नाही, फक्त जमीन पाहत हिंडला. पण जमीन गेलेला प्रत्येक जण त्याच वेळी जमीन शोधत होता आणि विकणारेही काही झोपलेले नव्हते. त्यांनाही "पाचपट" कळलेले होते. आज पंचवीस लाख एकर ऐकून विचार करतो म्हणावे, तर पुढच्या आठवड्यात तोच मालक बत्तीस म्हणे. मामा थांबला, भाव उतरतील म्हणून थांबला, आणि थांबलेला पैसा घरात सगळ्यांना दिसत राहिला. काहींनी वेळेवर शेजारच्या तालुक्यात दुप्पट जमीन घेतली आणि ते आज सुखात आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्या व्हिडिओला कोणी हसत नाही, कारण त्यांचा व्हिडिओ कोणी बनवतच नाही.

आता जे लिहिते आहे ते लिहायचे की नाही, याचा मी अर्धा तास विचार केला.

मावशी चौथ्यांदा अंगठा पुसत होती तेव्हा तिच्या शेजारी मी उभी होते. त्या दिवशी दोघींना घेऊन येण्याची जबाबदारी माझ्यावर होती, कारण मी शिकलेली, कार्यालयांतली भाषा समजणारी. मला कायदा माहीत होता. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे मी परीक्षेसाठी पाठ केलेले होते. ऐंशी लाखांत मावशीचा वाटा किती होतो, हे गणित मी तिथेच मनात करून पाहिले होते. तरी मी बोलले नाही, कारण त्याच महिन्यात आम्ही शहरात फ्लॅट बुक केला होता आणि मामाने मला तीन लाख हातउसने देण्याचे कबूल केले होते. वाट्याची गोष्ट काढली असती तर ते तीन लाख मिळाले नसते. इतके साधे होते ते.

ते तीन लाख मी परत केले. पण चार वर्षांत, तुकड्यातुकड्याने, आणि शेवटचे पन्नास हजार दिले तेव्हा मामाची स्कॉर्पिओ विकून झाली होती. २०१८ मध्ये घेतलेली ती गाडी २०२१ मध्ये निम्म्याहून कमी किमतीला गेली. नागपूर ते शिर्डी रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. म्हणजे ज्या रस्त्याच्या पैशातून ती गाडी आली, त्या रस्त्यावर ती एकदाही धावली नाही. आता तर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण महामार्ग खुला झाला आहे आणि आपण सगळे शिर्डीला किती लवकर पोहोचलो याचे फोटो टाकतो. मीही टाकला होता. मामाची उरलेली दीड एकर कुंपणापलीकडे आहे, आणि तिथे जायला त्याला पुढच्या बोगद्यातून दोन किलोमीटर वळसा घालावा लागतो. विहीर गेल्यामुळे ती दीड एकर पावसावर आहे.

तेव्हा हावरट कोण, हा प्रश्न हसणाऱ्यांना विचारण्याआधी मी स्वतःला विचारते. मामाचा लोभ सगळ्यांना दिसला, कारण तो पांढऱ्या रंगाचा होता आणि दारात उभा होता. माझ्या लोभाचे दोन बेडरूम-हॉल झाले, त्याला लोक प्रगती म्हणतात. मामाला खरोखर हसायचे असेल तर गाडीबद्दल हसू नका. त्याने सगळ्यात आधी बहिणींचे नाव सातबाऱ्यावरून काढले, बाकीचे सगळे त्यानंतर झाले. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेले नाही, आणि तो माझा लाडका मामा आहे. आमच्या लहानपणी दर पंचमीला तो मुराळी म्हणून यायचा, एसटीतून उतरताना त्याच्या खांद्यावर शेंगांचे पोते असायचे आणि शर्टाला एकच बटण असायचे. आधी मावशीला तिच्या गावाहून घ्यायचा, मग आमच्याकडे येऊन आईला घ्यायचा, आणि तिघे भावंडे एकाच सीटवर दाटीने बसून माहेरी जायची. हक्कसोडीनंतर पहिल्या वर्षी तो गाडी घेऊन आला. दुसऱ्या वर्षी त्याने गाडी ड्रायव्हरबरोबर पाठवली. तिसऱ्या वर्षी कोणीच आले नाही. २०२० मध्ये मुलींच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर मावशीच्या मुलाने वकिलाकडून नोटीस पाठवली. नोंदणी झालेल्या दस्तापुढे तिचे पुढे काही झाले नाही, पण मावशीने माहेरचे नाव टाकले ते टाकलेच. ती साडी तिने घडी न मोडता बोहारणीला दिली.

आज फोन ठेवण्याआधी मामाने विचारले, "पंचमीला ताईला न्यायला येऊ का? एसटीनं येईन." मी हो म्हणाले.

आईला सांगितले तेव्हा ती शेंगा सोलत होती. ऐंशी लाखांबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही, आणि आजही बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "आधी आक्काकडं जाणार आहे का?" ते मी विचारले नव्हते. "मग विचार," ती म्हणाली आणि टरफले सुपात गोळा करू लागली.

पाच हजार मी दुपारीच पाठवले. फोन अजून लावलेला नाही.