तारखांआधी कागद मागा

भारतातल्या न्यायालयीन विलंबावर चर्चा सुरू झाली की ती दोन मुद्द्यांवर येऊन थांबते: न्यायाधीश कमी, तारखा फार. दोन्ही खरं आहे. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, तरी दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात. पण कॅलिफोर्नियात धंद्यातले, मालमत्तेचे आणि नोकरीचे दावे चालवण्यात वकिलीतली उमेदीची वर्षं खर्ची घातल्यावर मला वाटतं, खरा फरक कागदांचा आहे.

इथे दावा दाखल झाल्यावर, पण सुनावणी उभी राहण्याआधी समोरच्याचे ईमेल, करार, हिशेब मागता येतात आणि ते द्यावेच लागतात. साक्षीदाराला कोर्टाबाहेर शपथेवर प्रश्न विचारता येतात. कोणाची बाजू पोकळ आहे ते तिथेच उघडं पडतं आणि बहुतेक दावे निकालाआधी मिटतात. हे सगळं महाग आहे, हेही सांगायला हवं. बड्या कंपन्या या खर्चानेच समोरच्याला दमवतात. करारात लवादाचं कलम असलं तर कर्मचाऱ्याला बहुतेकदा कोर्टाची पायरीच चढता येत नाही. हे दोष आपण मुळीच उचलू नयेत.

भारतात व्यापारी दाव्यांपुरतं २०१५च्या व्यापारी न्यायालय कायद्याने कागद मागण्याचं हे काम केलं: आपल्याविरुद्ध जाणारे कागदही दाखल करावे लागतात. घर घेणाऱ्याला महारेरामुळे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकामुळे, प्रकल्पाच्या मंजुऱ्या आणि त्यावरचे खटले बघता येतात. राहिला तो नोकरदार.

आयटीतल्या सक्तीच्या राजीनाम्यांवर महाराष्ट्रात संताप व्यक्त झाला आहे. अशा अभियंत्याची मूल्यांकनं, एचआरच्या नोंदी, वरिष्ठांचे शेरे, सगळं कंपनीकडे असतं. लॅपटॉप परत घेतला की त्याच्या हातात पुरावा उरत नाही, आणि राजीनाम्यावर सही तर त्याचीच असते. कॅलिफोर्नियात मालक कारण न देताही नोकरीवरून काढू शकतो, म्हणजे संरक्षण तसं तोकडंच. पण काढलेला माणूसही आपली नोकरीची फाइल लेखी मागू शकतो आणि ती साधारण ३० दिवसांत दाखवावी लागते. ती वाचून मी काहींना दावा करू नका असं सांगितलं आहे, आणि काहींना नेमका तिनेच न्याय मिळवून दिला आहे.

यासाठी नवे न्यायाधीश नकोत, नव्या इमारती नकोत. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोकरदाराला आपली फाइल मागता येईल, एवढं एक कलम विधिमंडळाने घालावं, आणि व्यवस्थापकांनाही त्यातून वगळू नये.