45 दिवसांत कुंडीतलं कलिंगड? जरा हिशोब करू

थंडी ओसरायला लागली की तो मेसेज न चुकता येतो. यंदा सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला आणि ज्यांना मीच गेल्या वर्षी बिया दिल्या होत्या त्या मावशींनीही मलाच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: बाजारातल्या कलिंगडाच्या बिया रुजवून घरीच रोपं करा, रोप हातभर वाढलं की पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात लावा, म्हणजे फळ लवकर धरतं. दर आठवड्याला साखरेचं पाणी घाला. वांझ फुलं खुडून टाका. फळ गडद हिरवं झालं की तोडा. 45 दिवसांत घरचं, गोड, विषमुक्त कलिंगड!

अलिबागजवळ आमच्या घरामागे थोडी जागा आहे. भात निघाला की तिथे चार-सहा वेल मी दरवर्षी लावते. त्या अनुभवावर सांगते, या मेसेजमध्ये रोपं घरी करता येतात एवढंच खरं आहे.

बियांपासून सुरुवात करू. बाजारातलं कलिंगड बहुतेक वेळा संकरित वाणाचं असतं. त्याच्या बिया उगवतात, नाही असं नाही. पण त्या वेलांना आईसारखीच फळं लागतील याची खात्री नाही. एक गोड निघेल, दुसरं फिकं, तिसरं जाड सालीचं. आंब्याची कोय लावून हापूसच मिळेल असं कोकणात कुणी धरून चालत नाही, तसंच हे. बिनबियांच्या कलिंगडातल्या पांढऱ्या, मऊ टरफलांना तर कोंबच फुटत नाही, हेही काहींनी करून पाहिलंय! घरच्यासाठी ‘शुगर बेबी’ किंवा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का माणिक’ असे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण घ्यावेत. जवळपास दुसऱ्या वाणाचं कलिंगड फुलात नसेल तर त्यांचं बी पुढच्या वर्षालाही ठेवता येतं.

आता हातभर रोपाचं. सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं, आणि मीही एकदा त्यात फसले आहे. एका नर्सरीत चांगलं लांब, ताणे फुटलेलं रोप दिसलं. वाटलं, तीन आठवडे वाचले. घरी आणून पिशवी फाडली तर आत मुळांनी एकमेकांना वेटोळे घातलेले, तळाशी नुसती पांढरी चुंबळ. सोडवायला गेले तर चार मुळं तुटली. लावल्यावर खालची पानं पिवळी पडली आणि वेल पंधरा दिवस होता तिथेच बसून राहिला. त्याच दिवशी शेजारच्या आळ्यात कागदी कपातलं, दोन खऱ्या पानांचं (उगवताना दिसणाऱ्या जाड जोडपानांनंतर येतात ती), बोटभर उंचीचं रोप लावलं होतं. महिन्याभराने ते पुढे होतं आणि नर्सरीतला मोठा भाऊ मागे.

वांगं-मिरचीची रोपं उपटून लावली तरी सावरतात. वेलवर्गीय पिकांचं तसं नाही, तुटलेली मुळं त्यांना लवकर भरून काढता येत नाहीत. म्हणून व्यावसायिक शेतकरीसुद्धा प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून रोपं करतात आणि दोन-तीन खरी पानं आली की लावून मोकळे होतात. उबदार हवेत याला 12 ते 15 दिवस लागतात, थंडीत थोडे जास्त. घरी कागदी कप चालतो. बी रात्रभर भिजवायचं, कपात एकेक टोचायचं, कप उन्हात ठेवायचा. लावताना कप कापायचा आणि मातीचा गोळा न फोडता आळ्यात ठेवायचा. मुळांना हात लावायचाच नाही. लावल्यावर पहिले काही दिवस सकाळी पानं उलटून बघा. तांबडे भुंगेरे कोवळ्या पानांची चाळण करतात.

तेलाच्या डब्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मार्चच्या उन्हात तो दुपारपर्यंत कोरडा ठणठणीत होतो. गच्चीवरच लावायचं असेल तर चाळीसेक लिटर माती मावेल असा ड्रम किंवा मोठी ग्रो बॅग, आणि एका वेलावर एक, फार तर दोन फळं.

साखरेच्या पाण्याने मुंग्या येतात. मुळांनी साखर प्यायली आणि ती फळात उतरली असं होत नसतं. गोडी पानं तयार करतात, उन्हात. ती भुरी या बुरशीने पांढरी झाली किंवा किड्यांनी खाल्ली तर फळ फिकंच राहणार, वर पाकाची बादली ओतली तरी. उलट फळ पिकत आलं की पाणी थोडं हात राखून द्यावं, म्हणजे चव पातळ होत नाही.

आणि ती ‘वांझ’ फुलं! नर फुलांना हे नाव कुणी दिलं कोण जाणे. कलिंगडाच्या वेलावर आधी नर फुलं येतात, मादी फुलं नंतर आणि संख्येने थोडी. पहिली फुलं नुसतीच गळताना पाहून लोक घाबरतात आणि मग हा सल्ला पटतो. पण नर फुलं खुडली तर पराग आणायचे कुठून? मादी फूल ओळखायला सोपं. पाकळ्यांच्या खाली वाटाण्याएवढं, लवदार, कलिंगडाची हुबेहूब नक्कल असलेलं बाळफळ असतं. फूल एकच सकाळ उघडं असतं, दुपारी मिटतं. तेवढ्या वेळात सातेरी मधमाश्या आल्या तर प्रश्नच नाही. शहरातल्या वरच्या मजल्यावर त्या येतीलच असं नाही. मग आपणच सकाळी लवकर ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर सगळीकडून हलकेच फिरवायचा. एकाच बाजूला पराग लागले तर फळ वाकडं वाढतं. जमलं असेल तर तीन-चार दिवसांत बाळफळ फुगू लागतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. म्हणजे मेसेजवाले ज्या फुलांना खुडायला सांगतात, नेमकी तीच इथे कामाला येतात.

राहिले 45 दिवस. शुगर बेबीसारख्या लवकर येणाऱ्या वाणाचा हिशोब धरा. रोपाला दोन आठवडे, लावल्यापासून मादी फुलं दिसेपर्यंत साधारण महिना, आणि फळ धरल्यापासून पिकेपर्यंत आणखी महिना-सव्वा महिना. अडीच महिने झाले की नाही? मेसेजप्रमाणे वागलं तर हातभर रोप व्हायलाच महिना जाणार. मग उरलेल्या 15 दिवसांत वेल पसरला, फुलला, फळ धरलं आणि पिकलंही?

शेवटचा सल्ला, गडद हिरवं झालं की तोडा. शुगर बेबी लहानपणापासूनच गडद असतो, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. फळाच्या देठाजवळचा कुरळा ताणा वाळला का ते बघा. जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळसर झाला का ते बघा. बोटाने वाजवल्यावर टणटण वाजलं तर कच्चं, ‘बद’ असा आवाज आला तर तयार. घाई केली तर उपाय नाही, कारण कलिंगड तोडल्यावर केळ्यासारखं आढीत घालून गोड होत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या काकूंनी रंग बघून एक तोडलं, आत गुलाबीसर पांढरा गर. तो किसून तांदळाच्या पिठात घातला आणि आम्ही घावन केले. लसणीच्या चटणीबरोबर बरे लागले.