पॉइंट तुमचे, कचरा आमच्या दारात

“आंटीजी, मेंबर बाहर क्या करता है, उससे हमारा क्या लेना-देना? वो उनका पर्सनल मैटर है.”

आमच्या ग्रुपवर कचरा टाकणाऱ्यांच्या अ‍ॅडमिनकडे तक्रार केली, तर हे उत्तर. ऐकल्यापासून माझं डोकं सटकलंय ते जागेवर यायला तयार नाही. पर्सनल म्हणे!

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर, पार राजेंद्रनगरपर्यंतची माणसं त्यात आहेत. सत्यनारायणाला गुरुजी कोण मोकळे आहेत, सानंदच्या नाटकाचा पास कुणाला हवाय का, पोळ्यांना बाई मिळेल का, भाजणी कोण करून देतं, असलं साधं काहीबाही तिथे चालतं. त्यात आता एक ‘फॅमिली’ घुसली आहे. शेअरबाजाराच्या टिप्स देणारा टेलिग्रामवरचा एक भलामोठा कंपू स्वतःला फॅमिली म्हणवतो. त्यांचे मेंबर आमच्या कोजागरीच्या पत्रिकेवरचा क्यूआर कोड स्कॅन करून आत येतात. नाव घ्यायचं अगदी घरगुती मराठी, डीपीला दगडूशेठ. पहिल्या दिवशी “सर्वांना नमस्कार”. मग रात्री दीड वाजता धडाधड तोच मजकूर, तीच लिंक, रॉकेटची तीच चित्रं, आणि सकाळी आपण उठेपर्यंत पठ्ठ्या ग्रुप सोडून पसार. जाताना सगळ्यांचे नंबर उचलून नेलेले असतात, ते वेगळंच. नंतर एकेकाला मेसेज सुरू होतात. माझ्या एकाहत्तर वर्षांच्या नणंदेला “हाय डिअर इन्व्हेस्टर” आलं होतं.

इथपर्यंत मी दात-ओठ खाऊन गप्प होते. पण मागच्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू गेल्या. मुलाने पहाटे ग्रुपवर टाकलं की अंत्ययात्रा दहा वाजता राहत्या घरून पंचकुइयाला निघेल. खाली दोघांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, आणि त्याच्या बरोब्बर खाली ‘आज का जैकपॉट कॉल, मौका मत चूको’. मग तेच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मूळ निरोप कुठल्या कुठे वर गेला. साडेनऊला त्या मुलाचा मला फोन, “मावशी, कुणीच कसं आलं नाही अजून?” शेवटी समोरच्या सायकलच्या दुकानातल्या पोरांना खांदा द्यायला बोलवावं लागलं. निम्मी माणसं नंतर परस्पर पंचकुइयाला पोचली, तीसुद्धा एकमेकांना फोन करकरून. आणि हे म्हणे कुणाचं तरी पर्सनल मॅटर.

माझ्या भाच्याने त्यांच्या त्या फॅमिलीत शिरून बघितलं. तो सुपर कॉरिडॉरवर सॉफ्टवेअरमध्ये आहे, या गोष्टीत हुशार. तिथे सगळ्यात वर पिन करून ठेवलेला मजकूर असा: रोज पाच ग्रुपमध्ये लिंक टाका, स्क्रीनशॉट पाठवा, पॉइंट मिळवा. पॉइंट जमले की सिल्व्हर, मग गोल्ड, आणि गोल्डवाल्याला ‘प्रीमियम कॉल’ फुकट. स्क्रीनशॉट तपासायला दोन माणसं नेमलेली आहेत! म्हणजे आमच्या ग्रुपमध्ये लिंक पडली हे त्यांना आमच्याआधी माहीत असतं, त्याची नोंद होते, शाबासकी मिळते. आणि तक्रार गेली की “हम कैसे देखें?” अरे, बघताय की रोज! बघण्यासाठी माणसं ठेवली आहेत!

त्यांच्या अ‍ॅडमिनने मला वर कायदा शिकवला. बातमीचं कात्रण पाठवलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय, मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. केरळच्या उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तसंच म्हटलंय. मान्य, आणि योग्यच आहे. मीही अ‍ॅडमिन आहे, उद्या कुणा काकांनी झोपेत काही भलतं फॉरवर्ड केलं म्हणून मला पोलिसांनी न्यावं असं मला थोडंच वाटतं? पण नागपूरचा तोच निकाल हेही सांगतो की अ‍ॅडमिनचं आणि त्या माणसाचं संगनमत असलं तर गोष्ट वेगळी. मग भिया, ते पिन केलेलं काय आहे? हळदीकुंकवाचं आमंत्रण?

दाद मागायची तरी कुठे? १९०९ हा नंबर नको असलेल्या कॉलसाठी आणि एसएमएससाठी आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या या उकिरड्याला तो लागू नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डवर पाचाची मर्यादा घातली, पण हे लोक फॉरवर्ड करतच नाहीत, कॉपी-पेस्ट करतात. मग सगळे मलाच सांगतात, “ताई, ‘फक्त अ‍ॅडमिन’ करून टाका ना सेटिंग.” करते. मग भाजणी कोणाला विचारायची, मला? चारशे माणसांचे निरोप मी एकटीने टाकत बसू? घाण त्यांनी करायची आणि तोंड आम्ही बंद करून घ्यायचं, हा कुठला न्याय?

भाचा म्हणाला की असं पूर्वीही झालंय. डिजिटलओशन नावाची कंपनी दर ऑक्टोबरला प्रोग्रामरांसाठी हॅक्टोबरफेस्ट भरवते. तेव्हा लोकांच्या प्रोजेक्टमध्ये चार सुधारणा पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये टी-शर्टच्या हावेपायी लोकांनी कुणाच्याही प्रोजेक्टमध्ये ‘अमेझिंग’सारखे दोन शब्द घुसडून ‘सुधारणा’ पाठवल्या, त्यातले पुष्कळ आपलेच भारतीय वीर. ज्यांचे प्रोजेक्ट होते ते बिचारे हा केर काढता काढता रडकुंडीला आले. पण कंपनीने ‘पर्सनल मैटर’ म्हटलं नाही. त्याच आठवड्यात नियम बदलला: जे प्रोजेक्ट स्वतःहून ‘आम्हाला चालेल’ म्हणतील तेवढेच मोजणार. पुढे २०२३ मध्ये टी-शर्टही बंद केले. बक्षीस आपलं होतं, म्हणजे उपद्रवही आपला, एवढं त्यांना कळलं.

त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, यूयूनेट या बड्या इंटरनेट कंपनीच्या गिऱ्हाइकांनी यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, जाहिरातींचा चिखल केला, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी त्या कंपनीकडून येणारा सगळाच्या सगळा मजकूर टाकून द्यायला सुरुवात केली. कंपनी काही दिवसांत सुतासारखी सरळ झाली. यात सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मला कळतं. इंदूरकरांना तर जास्तच कळतं. इथल्या टिप्सवाल्या कंपन्यांवर सेबीने इतके आदेश काढलेत की पुण्याच्या नातेवाइकाला इंदूरच्या अनोळखी नंबरवरून फोन गेला तर तो उचलतच नाही. आम्ही काय केलं होतं? म्हणून मी असं म्हणतच नाही की एका मेंबरने उकिरडा केला की अख्ख्या समुदायाला फासावर द्या. एखादा आगाऊ निघाला, तुम्हाला दाखवला, तुम्ही हाकलला, विषय संपला. पण ज्यांनी उकिरड्यावर इनाम लावलंय त्यांनी हात झटकायचे? २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेणाऱ्या गावात दुकानदाराने पोऱ्याला दहा रुपये देऊन केर दुसऱ्याच्या ओट्यावर टाकायला लावला, तर नगर निगम पावती कोणाच्या नावाने फाडेल? पोऱ्याच्या?

आणि आता कळस ऐका. परवा याच फॅमिलीचा मंडळाकडे अर्ज आलाय. दिवाळीनंतर ‘इन्व्हेस्टर मीट’साठी आमचा हॉल भाड्याने हवाय. लेटरहेडवर ठळक अक्षरांत छापलंय, ‘तीस हज़ार सदस्यों का परिवार’. हॉल हवा असला की तीसही हजार यांचे, आणि एकाची तक्रार केली की तो कोण, कुठला, आम्ही ओळखत नाही!

शनिवारी कार्यकारिणीची बैठक आहे. हॉल मिळणार नाही, ते मी बघते. अर्जासोबत आलेला डिपॉझिटचा चेक मात्र पोस्टाने परत पाठवणार नाही. तो घ्यायला रात्री दीडवाला मेंबर पाठवा म्हणावं, आणि येण्याआधी त्या काकूंच्या घरी जाऊन ये म्हणावं त्याला.